लाट येण्याआधीचा कागद

६ मे २०१२, रविवार. सकाळी अकरा वाजता आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’चा पहिला भाग घराघरांत दिसला. विषय होता गर्भलिंगनिदान. त्यानंतर बाराव्या दिवशी, १८ मे रोजी, परळी वैजनाथला डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यात गर्भपात करताना धारूर तालुक्यातली २८ वर्षांची एक बाई दगावली. तिला आधीच्या चार मुली होत्या. कार्यक्रमानं माणसं आधीच हलून गेली होती. त्यात २०११ च्या जनगणनेनं बीड जिल्ह्याची अब्रू चव्हाट्यावर आणलेली. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली, राज्यात सगळ्यांत कमी. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. मग काय, वाहिन्यांच्या गाड्या परळीत येऊन थांबल्या, फेसबुकवर निषेधाचा पूर आला. ज्योतिर्लिंगामुळे आणि औष्णिक विद्युत केंद्रामुळे ठाऊक असलेलं गाव आठवड्याभरात भलत्याच कारणासाठी देशाला ठाऊक झालं. फरार झालेलं डॉक्टर दांपत्य महिनाभरानं पोलिसांसमोर हजर झालं.

सामाजिक संस्थांमध्ये संवादाचं, प्रचाराचं काम बघणाऱ्या कुणालाही या घटनाक्रमाचा अर्थ एका वाक्यात सांगता येईल : लाट उठवा, यंत्रणा हलते. माझं म्हणणं असं की हा अर्थ अर्धाच खरा आहे. आणि उरलेला अर्धा कुणी विचारात न घेतल्यामुळे गेली दहा-बारा वर्षं आपल्या संस्था आपली ताकद भलत्या जागी खर्च करत आल्या आहेत.

उरलेला अर्धा भाग सप्टेंबर २०१० मधला आहे. साताऱ्याच्या दलित महिला विकास मंडळाच्या ‘लेक लाडकी अभियाना’नं, म्हणजे ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी, याच दवाखान्यावर सापळा लावला होता. चित्रीकरण झालं, गुन्हा दाखल झाला. डॉक्टर जामिनावर सुटले आणि दवाखाना सुरू राहिला. तो सुरू राहिला म्हणूनच २०१२ चा मृत्यू झाला. म्हणजे परळीत काय चाललंय हे लाट येण्याच्या वीस महिने आधी पुराव्यानिशी कागदावर होतं. तेव्हा त्या कागदाकडे कुणी पाहिलं नाही हे खरं, पण २०१२ मध्ये जेव्हा सगळे परळीकडे धावले, तेव्हा त्यांना हातात धरायला तोच कागद सापडला. तो नसता, तर ‘दुर्दैवी मृत्यू, चौकशी सुरू’ या चार शब्दांत प्रकरण मिटायला फारसा वेळ लागला नसता. आमच्या भागात ते कसं मिटतं, हे सांगायची गरज नाही.

सापळा म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. कारण एखादी पोस्ट तयार व्हायला लागणारा वेळ आणि एक पुरावा तयार व्हायला लागणारा वेळ यांतलं अंतर त्याशिवाय कळत नाही. सापळ्यासाठी जाणारी बाई खरोखरच गरोदर असावी लागते. नाटक करून भागत नाही, सोनोग्राफीचं यंत्र फसत नाही. तिच्याबरोबर नवरा, नणंद किंवा मावशी म्हणून जाणारं माणूस भरवशाचं लागतं. डॉक्टरला द्यायच्या नोटांचे नंबर आधी पंचांसमक्ष लिहून घ्यायचे. एजंट ठरल्या ठिकाणी न्यायला येतो की ऐन वेळी गाव बदलतो, त्यावर सगळं अवलंबून. मग समुचित प्राधिकारी यायचा, यंत्राला सील ठोकायचं, एफ फॉर्मची रजिस्टरं ताब्यात घ्यायची. हा एफ फॉर्म दिसायला अगदी मामुली कागद : बाईचं नाव, वय, पत्ता, आधीची मुलं किती, त्यांत मुलगे किती नि मुली किती, तपासणी कशासाठी, कुणी पाठवलं, आणि खाली ‘मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ हे तिचं निवेदन. पण दोन मुलींनंतर तिसऱ्यांदा आलेल्या बायकांचे फॉर्म एकाखाली एक लावून पाहिले की दवाखान्यात काय चाललंय ते वाचता येतं. कोऱ्या राहिलेल्या रकान्यांना ‘कारकुनी चूक’ म्हणा, अशी डॉक्टरांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये फेटाळली, ती उगाच नाही. आणि हे सगळं झाल्यावर खरं काम सुरू होतं. तारखा. सापळ्याच्या वेळी पोटात असलेलं मूल शाळेत जायला लागतं, तरी आई साक्षीच्या तारखेची वाट पाहत असते. मधल्या काळात पंच फितूर होतो, साक्षीदाराच्या घरी ‘मिटवून टाका’ म्हणून निरोप जातात.

यातलं काहीही मोबाइलच्या पडद्यावर बरं दिसत नाही.

परळी गाजली त्याच वर्षी, मार्च २०१२ मध्ये, जगातली तोवरची सगळ्यांत वेगानं पसरलेली मोहीम होऊन गेली होती. युगांडातला बंडखोर म्होरक्या जोसेफ कोनी लहान मुलांना पळवून त्यांच्या हाती बंदुका देतो. त्याला पकडा, म्हणून ‘इन्व्हिजिबल चिल्ड्रन’ या अमेरिकी संस्थेनं अर्ध्या तासाची चित्रफीत काढली. सहा दिवसांत ती दहा कोटी वेळा पाहिली गेली. एप्रिलच्या ठरलेल्या रात्री जगभरच्या शहरांत भिंतीभिंतींवर कोनीची पोस्टरं लागायची होती, पण त्या रात्री रस्त्यावर फारसं कुणी आलंच नाही. २०१७ मध्ये अमेरिकेनं आणि युगांडानं शोधमोहीम गुंडाळली. कोनी आजही मोकळा आहे. दहा कोटी डोळ्यांपुढे परळीची लाट म्हणजे किस झाड की पत्ती. तरी परळीत निकाल लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयानं डॉ. सुदाम मुंडे आणि डॉ. सरस्वती मुंडे यांना दहा-दहा वर्षांची शिक्षा सुनावली. फरक कशानं पडला? पाहणाऱ्यांच्या संख्येनं तर नक्कीच नाही. परळीत लाटेच्या आधीही कुणीतरी होतं, आणि लाट ओसरल्यावर सात वर्षं तारखांना जाणारंही कुणीतरी होतं.

आता लाटेची बाजूही नीट मांडायला हवी, कारण तिला नुसती नावं ठेवणं हा आपल्याकडच्या जुन्या कार्यकर्त्यांचा आवडता छंद आहे. ‘आम्ही पायी फिरलो, हे बसल्या जागी क्रांती करतात’ हे ऐकून कान किटले. लाटेशिवाय २०१० चा कागद कपाटातच पडून राहिला असता, यात शंका नाही. सरकारी यंत्रणा सत्यानं हलत नाही, अडचणीनं हलते, आणि ती अडचण गर्दीच निर्माण करू शकते. पूर्वी त्यासाठी मोर्चा लागायचा, ट्रक भरून माणसं आणावी लागायची. ज्या संस्थेकडे ट्रकभर माणसं नव्हती, तिला कुणी हिंग लावून विचारत नसे. आज कोपऱ्यातल्या तालुक्यातली दोन कार्यकर्त्यांची संस्था थेट मंत्रालयाला टॅग करू शकते. ही सोय साधी नाही. तेव्हा लाट हवी की नको, हा प्रश्नच नाही. संस्था तिच्यासाठी काय काय बाजूला सारतात, हा आहे.

याचा सगळ्यांत मोठा नमुना सरकारनंच दाखवून दिला. जानेवारी २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ सुरू झाली. पहिल्या शंभर जिल्ह्यांत बीड होतं. त्याच जूनमध्ये पंतप्रधानांनी हरियाणातल्या एका सरपंचाची कल्पना उचलून ‘सेल्फी विथ डॉटर’चं आवाहन केलं. मुलींबरोबरच्या फोटोंनी मोबाइल भरून गेले. पुढे संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीनं हिशोब तपासला. समितीच्या अध्यक्ष होत्या नंदुरबारच्या तेव्हाच्या खासदार हीना गावित. डिसेंबर २०२१ च्या अहवालात आकडा आला : २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम एकट्या प्रसिद्धीवर खर्च झाली. सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं हे लिहावं, हे विशेष. लेक बापाच्या मांडीवर बसून फोटोत हसली, ठीक आहे. पण सोनोग्राफी केंद्राच्या तपासणीला जाणाऱ्या गाडीच्या डिझेलचं काय?

सामाजिक संस्था याहून शहाण्या निघाल्या असं म्हणवत नाही. आज एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल उघडला तर ‘रीच’ असते, ‘एंगेजमेंट’ असते, ‘इम्पॅक्ट स्टोरी’ असते. कार्यक्रम कसला का असेना, त्याचा शेवट एकच : बॅनर मागे, लाभार्थी बायका पुढे, हातात दिलेली पिशवी छातीशी धरलेली, आणि कुणीतरी ‘ताई, जरा इकडं बघा’ म्हणणारं. फोटोवर जागा नि वेळ उमटलेली पाहिजे, कारण देणगीदाराला ती लागते. त्या बाईला हा फोटो कुठं जाणार ते कुणी सांगितलेलं नसतं. तिनं विचारलेलंही नसतं, कारण पिशवी घेतल्यावर विचारायचं कसं?

संदेश सोपा करण्याचीही किंमत असते, आणि ती बहुधा दुसरंच कुणीतरी मोजतं. २०१२ नंतरच्या प्रचारात ‘गर्भपात म्हणजे खून’ असा सूर लागला. गर्भपात १९७१ च्या कायद्यानं ठरावीक अटींवर कायदेशीर आहे. बेकायदा आहे ते लिंग तपासणं आणि त्यावरून मुलगी पाडणं. हा फरक घोषणेत बसेना, म्हणून सोडून दिला गेला. परिणाम असा झाला की राज्यातल्या औषध दुकानांतून गर्भपाताच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या. तपासणीचा ससेमिरा नको म्हणून दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. खरं तर या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांतच घ्यायच्या असतात. सोनोग्राफीत लिंग दिसायला त्याहून जास्त दिवस जावे लागतात. म्हणजे गोळ्यांचा आणि मुलीच्या हत्येचा संबंध जवळपास नव्हताच. पण ज्या बाईला कायद्यानं मोकळं होता आलं असतं, ती चोरवाटेनं जायला लागली. मोहिमेनं जिला वाचवायचं ठरवलं होतं, तिचीच वाट मोहिमेनं अडवली, आणि हे स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या संघटना सांगत होत्या तेव्हा ऐकायला कुणाला सवड नव्हती. त्या दिवसांत लोकांच्या डोक्यात बसला तो मुंडे डॉक्टरांवरचा भ्रूण कुत्र्यांना घातल्याचा आरोप. तो अंगावर काटा आणणारा होता, म्हणून तो पुढे पाठवला गेला. एफ फॉर्म कुणी कुणाला पुढे पाठवत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये डॉ. सुदाम मुंडे परळीजवळ विनापरवाना दवाखाना चालवताना पुन्हा पकडले गेले. शिक्षा झालेला माणूस, करोनाचे दिवस. तेव्हा समाजमाध्यमं सुशांतसिंह राजपूत प्रकरणात बुडालेली होती. छापा मारणाऱ्या पथकानं कोणत्या हॅशटॅगची वाट पाहिली नाही, हे आपलं नशीब.

मोहिमा कुणाशी बोलतात, हा मला सगळ्यांत टोचणारा मुद्दा वाटतो. परळी, धारूर, केज, वडवणी या पट्ट्यातली माणसं दसरा-दिवाळी आटोपली की उचल घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पहाटे फडात, रात्री-अपरात्री ट्रक भरायला, पाळी असो की बाळंतपण. कोपीत एखादा फोन असलाच तर तो नवऱ्याकडे किंवा थोरल्या पोराकडे. संस्थांची पानं या बाईबद्दल बोलतात, तिच्याशी नाही. बोलणं चाललेलं असतं पुण्या-मुंबईतल्या, फार तर न्यू जर्सीतल्या माणसाशी, त्याच्या भाषेत, त्याच्या सोयीच्या वेळी. तिच्यापर्यंत बातमी पोचते ती मुकादमाकडून, आशाताईकडून, सोबतच्या बाईकडून. त्या वाटेवर मेहनत घेणारी संस्था फार विरळा, कारण ती वाट कुणाला दाखवता येत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात या बायकांची ‘पिशवी काढण्याची’ गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली. आमच्याकडे गर्भाशय म्हणत नाहीत, पिशवीच म्हणतात. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय, डॉक्टर म्हणाला कॅन्सर होईल, दिली काढून. विशी-तिशीतल्या बायका. बातमी ट्विटरवर गेली, दिल्लीत गेली, महिला आयोगानं विचारणा केली, राज्यानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. इथपर्यंत लाटेचं काम, आणि ते तिनं चोख केलं. पुढचं काम वेगळ्या हातांनी झालं. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा घरोघर वही घेऊन हिंडल्याशिवाय मिळत नाही. खाजगी दवाखान्याला ही शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल, असा नियमही मग झाला. संघटनांपैकी ज्यांच्याकडे आधीपासून गावनिहाय नोंदी होत्या, त्यांना समितीसमोर बोलता आलं. ज्यांच्याकडे फक्त संताप होता, त्यांनी निवेदन दिलं आणि फोटो काढला.

याच प्रकरणात एका वाडीला ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव’ असं नाव पडलं. मथळा म्हणून जबरदस्त. २०२४ च्या मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं बीडच्या याच बायकांवर मोठा शोध-वृत्तांत छापला, कोका-कोला आणि पेप्सीला जाणाऱ्या साखरेपर्यंत धागा नेला. ते काम तोलामोलाचं होतं, कारण त्यात कंपन्यांना थेट प्रश्न होते. पण वाडीला चिकटलेलं नाव कोण काढणार? दैनिकाचा अंक रद्दीत जातो. गूगलवर मात्र वाडीचं नाव टाकलं की आजही पहिल्यांदा तेच येतं, आणि त्या वाडीतल्या पोरींना ते आयुष्यभर पुरणार आहे. संस्थेनं नाव वापरताना पाच वर्षांनी ते कसं वाचलं जाईल याचा विचार करायचा असतो. तेवढी उसंत मोहिमेच्या घाईत नसते.

माझ्या म्हणण्याला सगळ्यांत भक्कम उत्तर आहे पाणी फाउंडेशनचं. २०१६ मध्ये ‘वॉटर कप’ सुरू झाला तो वरुड, कोरेगाव आणि परळीपासून तासाभरावरच्या अंबाजोगाई तालुक्यात. पुढल्या वर्षी तीस तालुके, त्याच्या पुढल्या वर्षी पंचाहत्तर. आमिर खान, सत्यजित भटकळ, झी मराठीवर ‘तुफान आलंया’, फेसबुक, यूट्यूब, सगळा जामानिमा. इतकी सफाईदार संवादमोहीम मराठीत दुसरी झाली नसेल. तिच्यावर तांत्रिक आक्षेप घेतले गेले. यंत्रांनी किती खणावं, भूजलाचं शास्त्र कुठं गेलं, हे वाद योग्यच होते. पण संवादाच्या अंगानं पाहिलं तर तिची खुबी पडद्यावर नव्हतीच. स्पर्धेत उतरायचं तर आधी गावातल्या माणसांनी, बायकांसह, प्रशिक्षणाला जायचं. माथ्यावरून पायथ्याकडे कसं यायचं, सलग समतल चर कसा आखायचा, हे हातानं करून शिकायचं. कार्यक्रम बघणारा आणि फावडं मारणारा हा एकच माणूस होता. लाइक करणाऱ्याला काहीतरी करायला दिलं होतं, तेही त्याच्याच शिवारात, आणि उन्हाळ्यातल्या पंचेचाळीस दिवसांत.

तरीही एक मेख राहतेच. हा प्रभाव भाड्याचा असतो. नट आहे तोवर कॅमेरा आहे. ‘नाम’ या संस्थेच्या मागे २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे उभे राहिले म्हणून मराठवाड्याच्या दुष्काळाकडे शहरांतून पैसा आला. त्यांचे उपकारच आहेत. पण अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास आणि शैला लोहियांचं ‘मानवलोक’ १९८२ पासून उभं होतं, त्याला कोणता नट मिळाला होता? ज्याला नट नाही त्याला कंपनीच्या मर्जीवर राहावं लागतं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं ठरवलं की लोकांना आधी सग्यासोयऱ्यांच्या पोस्टी दाखवायच्या, पानांच्या नंतर. त्या एका निर्णयानं संस्थांनी वर्षानुवर्षं जमवलेला ‘फॉलोअर’ एका फटक्यात हाताबाहेर गेला. पैसे भरा, मग तुमचीच माणसं तुम्हाला दाखवू, असा मामला. आणि फोटो तर कधी उलटेल नेम नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागत होतं तेव्हा परळीच्या तेव्हाच्या आमदार आणि जलसंधारण मंत्री पंकजा मुंडे यांनी मांजरेवरच्या कामाजवळ सेल्फी काढला. पाणी दिसल्याचा आनंद होता, असं त्यांचं म्हणणं. पाहणाऱ्यांना दुष्काळातला सेल्फी दिसला. मंत्र्याला जे सावरता येत नाही ते तालुक्याच्या संस्थेला काय सावरणार!

बीड जिल्ह्यात तर आणखी एक अडचण आहे, जी पुण्यातल्या संवादतज्ज्ञांच्या आराखड्यात नसते. इथं पोस्ट वाचायच्या आधी आडनाव वाचतात. २०२४ च्या लोकसभेत बजरंग सोनवणे ६,५५३ मतांनी निवडून आले आणि पंकजा मुंडे हरल्या, त्यानंतरच्या आठवड्यांत आक्षेपार्ह पोस्टींवरून गुन्हे दाखल झाले, बंद पाळले गेले. दुकानदार कोण हे बघून सौदा घ्यायचा की नाही इथवर मजल गेली. पुढे पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या टेबलावरच्या पाटीवरूनच आडनाव काढायला लावलं. अशा जिल्ह्यात तांड्यावर, वस्तीवर, वाड्यात सगळीकडे जाऊ पाहणाऱ्या कार्यकर्तीनं एखाद्या पोस्टला अंगठा दिला तरी तिची बाजू ठरते. मग ती गप्प बसते. तिचं गप्प बसणं भित्रेपणाचं म्हणता येणार नाही. उद्या ज्या घरात शिरायचं आहे ते दार ती उघडं ठेवत असते. तिला ‘तुमची ऑनलाइन उपस्थिती कमी आहे’ असं सांगणाऱ्याला बीड कळलेलं नाही.

९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पुढचे तीन महिने मोर्चे निघाले, गाव पाण्याच्या टाकीवर चढलं, समाजमाध्यमं पेटलेली राहिली. ३ मार्च २०२५ ला त्यांच्या छळाची छायाचित्रं सगळीकडे पसरली आणि ४ मार्चला परळीचे आमदार धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एका चित्रानं तीन महिन्यांचं काम केलं, असं तेव्हा म्हटलं गेलं. पण ती छायाचित्रं तपास यंत्रणेच्या आरोपपत्रातली होती. कुणीतरी फोन जप्त केले होते, त्यातलं काय काय परत मिळवलं होतं, पंचनाम्यात ते लिहिलं होतं. म्हणून त्यांच्यावर ‘खोटी आहेत’ म्हणायची सोय कुणाला उरली नाही. नुसताच फोटो असता तर दुसऱ्या बाजूनं तासाभरात दुसरा फोटो सोडला असता. आणि तरी माझा प्रश्न राहतोच. मरणाऱ्या माणसाचा फोटो ‘सुप्रभात’च्या गटात सकाळी सकाळी पाठवताना त्याच्या पोराबाळांचा विचार किती जणांनी केला? न्याय मिळायला तो फोटो न्यायाधीशांपुढे असणं पुरेसं होतं. सरकार हलायला तो आपल्या हातात यावा लागला, ही आपल्या सरकारची गत.

ऑनलाइन जगावर कुणा सामाजिक कार्यकर्त्याचा खराखुरा प्रभाव पडल्याचं उदाहरण विचाराल तर मी डॉ. साबू जॉर्ज यांचं नाव घेईन. त्यांचे फॉलोअर किती, कुणाला माहीत नसेल. लिंगनिवडीच्या जाहिराती इंटरनेटवर राजरोस दिसतात, गर्भलिंगनिदान कायद्याच्या कलम २२ मध्ये २००३ पासून इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे, मग गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांना सूट का, असं विचारत ते २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. कंपन्यांनी शक्य ते सगळं सांगून पाहिलं. २०१६ मध्ये त्यांनी ठरावीक शोधशब्दांना जाहिराती दाखवायच्या नाहीत हे कबूल केलं. तक्रार घ्यायला केंद्रात अधिकारी नेमला गेला, छत्तीस तासांत जाहिरात काढायची मुदत ठरली. डिसेंबर २०१७ मध्ये याचिका निकाली निघाली. नऊ वर्षं. जगातल्या सगळ्यांत बलाढ्य प्रसार-यंत्रांना एका माणसानं परळी-साताऱ्यातल्याच कायद्यानं वाकवलं, आणि त्यासाठी त्यानं एकही पोस्ट ‘बूस्ट’ केली नाही.

मग संस्था हा मार्ग का धरत नाहीत? कारण त्याला पैसा मिळत नाही, आणि तो मिळू नये अशी व्यवस्था कायद्यातच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी नियमन कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. प्रशासकीय म्हणजे काय, ते नियमांत दिलंय : प्रवास, भाडं, अहवाल लिहिण्याचा खर्च आणि वकिलाची फी. म्हणजे साताऱ्याहून बीड जिल्ह्यात तारखेला येणाऱ्या कार्यकर्तीची एस. टी. हाही वरखर्च ठरू शकतो. त्याच दुरुस्तीनं एका संस्थेनं परदेशी देणगीतून दुसऱ्या संस्थेला मदत करायलाही बंदी घातली. मोठ्या शहरातली, संवाद-विभाग असलेली संस्था परळीतल्या दोन माणसांच्या संस्थेला त्या पैशातला हिस्सा देऊ शकत नाही. ती तिचा फोटो मात्र आपल्या पानावर लावू शकते.

परदेशी पैसा सोडा, आपला मराठी देणगीदार तरी काय वेगळं करतो? ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ चालवतो. दरवर्षी दहा संस्था निवडायच्या, प्रत्येकीवर सविस्तर लिहायचं, वाचकांनी धनादेश पाठवायचे. संगीत नाही, संथ गतीनं फिरणारा कॅमेरा नाही, तरी निवृत्त शिक्षकांपासून सगळे देतात. म्हणजे वाचून, समजून देणारा माणूस आपल्याकडे आहे. त्यानं एवढंच करावं. पुढच्या वेळी लिंगनिवडीवर किंवा ऊसतोड बायकांवर काम करणाऱ्या संस्थेचं पत्रक आलं, तर किती लोकांपर्यंत पोचलात हे विचारू नये. किती खटले चालू आहेत, पुढची तारीख कधी आहे आणि त्या दिवशी साक्षीदाराबरोबर कोण जाणार आहे, ते विचारावं. उत्तर मिळालं तर त्या माणसाचा प्रवासखर्च द्यावा आणि पावतीवर ‘प्रशासकीय खर्चासाठी’ असं स्पष्ट लिहायला सांगावं. संस्थेच्या हिशोबनिसाला त्याचा आनंद होईल.